इंग्लंडमधलं जुनं लाकडी सांगाड्याचं शेतघर कसं वाचायचं

कामासाठी, शिकायला किंवा मुलांकडे म्हणून इंग्लंडला आलेली बरीच मराठी माणसं एकदा तरी केंट, ससेक्स किंवा हेरफर्डशरच्या खेड्यांतून फिरतात. काळ्या लाकडी पट्ट्या आणि मधे पांढरी भिंत असलेलं घर दिसलं की गाडी थांबते, फोटो निघतात, कुणीतरी ‘ट्यूडर आहे’ म्हणून सांगतं आणि गाडी पुढे निघते. सुरुवातीची काही वर्षं मीही असंच केलं. मग एकदा एका जुन्या घराच्या माळ्यावर चढायला मिळालं. वासे काजळीने काळेकुट्ट होते. आग लागली होती का, असं विचारलं, तर कळलं की आग नाही, या घरात पहिली शंभरएक वर्षं धुराडंच नव्हतं. खाली जमिनीवर चूल पेटायची आणि धूर थेट छपरात जायचा. तेव्हापासून असं कुठलंही घर दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो: इथला धूर कुठून जात होता? त्या एका प्रश्नाने निम्मं घर उलगडतं.

खाली दिलेला क्रम मी स्वतः वापरते तोच आहे. आधी उघडा सांगाडा, मग बाहेरून घर, मग आतली मांडणी, मग माळा, आणि तारीख सगळ्यांत शेवटी. सोबत चांगला टॉर्च, मोजपट्टी, वही-पेन्सिल आणि असली तर छोटी दुर्बीण घ्या. ही घरं बहुतेक खाजगी आहेत, त्यांत माणसं राहतात. म्हणून सुरुवात संग्रहालयातून करा आणि कुणाच्या घरी जायचं तर आधी विचारूनच जा.

१. पहिला दिवस कोठारात

घरात गिलावा, कपाटं, पडदे नजरेच्या आड येतात. धान्याच्या कोठारात काहीच झाकलेलं नसतं, म्हणून शिकायला कोठार बरं. हीथ्रो विमानतळाला लागूनच हार्मंड्सवर्थ गावात विंचेस्टर कॉलेजने १४२६-२७ साली बांधलेलं ओकचं कोठार आहे. ते इंग्लिश हेरिटेज ही जुन्या वास्तू जपणारी संस्था सांभाळते आणि ते ठराविक दिवशीच उघडतं, तेव्हा तारीख बघून जा. लांबी १९२ फूट, खण बारा.

‘खण’ हा शब्द मुद्दाम वापरला. खांबांच्या दोन जोड्यांमधली जागा म्हणजे खण. इंग्लिश सुतार तिला ‘बे’ म्हणतो. आपल्याकडे जुन्या घराचं माप पाच खणी, सात खणी असं सांगायचे, अगदी तसंच तिथेही घर खणांत मोजलं जातं. हार्मंड्सवर्थला भागाकार केला तर एक खण सोळा फुटांचा पडतो. शेतघरातला खण याच्या आसपास असतो, कधी आखूड, कधी लांब. खांब मोजायची आणि खण काढायची सवय इथेच लावून घ्या, पुढे प्रत्येक घरात ती कामाला येते.

आता अशा सांगाड्यातल्या एखाद्या खांबाचं वरचं टोक बघा. खांब वर जाताना रुंद होतो. झाड उलटं उभं केलंय, बुंध्याची जाड बाजू वर. या फुगवट्याला ‘जाउल’ म्हणतात. तो शोभेसाठी नाही. त्या एका टोकावर दोन आडवी लाकडं पेलायची असतात: भिंतीच्या लांबीने जाणारी वॉल प्लेट आणि घराच्या रुंदीत आडवी पडणारी टाय बीम. घराच्या भिंतीत वॉल प्लेट खांबाच्या बाहेरच्या जिभेवर बसते. टाय बीम तिच्यावरून येते, खांबाच्या आतल्या, थोड्या उंच जिभेवर टेकते आणि खालून डव्हटेलच्या खाचेने, म्हणजे पाखराच्या पसरलेल्या शेपटीसारख्या खाचेने, वॉल प्लेटला धरून ठेवते. छपराचं वजन भिंतींना सतत बाहेर रेटत असतं. ती रेटारेटी ही खाच अडवते. तीन लाकडांची ही गाठ तेराव्या शतकापासून पुढे शेकडो वर्षं जवळजवळ जशीच्या तशी चालत आली.

२. ओलं लाकूड, सुकी खुंटी

ओक तोडला की तो ओला असतानाच घडवायचे, कारण सुकलेला ओक हत्याराला दाद देत नाही. घर उभं राहिल्यावर लाकूड जागेवरच सुकायचं, आकसायचं, पीळ खायचं. आज ज्या वाकड्या रेषा आपल्याला गोड वाटतात त्यांतल्या बऱ्याच घराच्या पहिल्या काही वर्षांतच तयार झाल्या आहेत.

खुंटीपाशी मात्र थांबा, कारण सुताराचं सगळं शहाणपण तिथे आहे. एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला खोबण, आणि दोन्हींतून आरपार एक लाकडी खुंटी. जिभेतलं भोक खोबणीच्या भोकाशी नेमकं जुळवत नसत. ते मुद्दाम थोडं जिभेच्या बुडाकडे सरकवून पाडत. सुक्या ओकाची, करवतीने न कापता फाडून काढलेली खुंटी ठोकली की ती या दोन भोकांतून वाकत जाते आणि जिभेला खोबणीत खेचून धरते. पुढे लाकूड आकसलं तरी ती खेच सुटत नाही. एखादं लाकूड कधीकाळी काढून टाकलं असेल तिथे रिकाम्या खोबणीत टॉर्च मारून बघा. कधीकधी जुनी खुंटी आत अडकलेली सापडते आणि तिच्या मधोमध तो बाक स्पष्ट दिसतो. मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा बराच वेळ तिथून हलले नव्हते.

इथेच एक गैरसमज काढून टाकू. वाकडं किंवा खोबणी पडलेलं लाकूड दिसलं की ‘जुन्या जहाजाचं आहे’ असं हमखास सांगितलं जातं, समुद्रापासून दूरच्या गावांतही. जवळजवळ नेहमी ते चूक असतं. वाकडं लाकूड वाकड्या झाडाचं असतं आणि सुताराने ते निवडून आणलेलं असतं. रिकामी खोबण म्हणजे तिथली भिंत, टेकू किंवा खिडकी गेली, नाहीतर तो वासा आधी दुसऱ्या घरात होता. सफकमधल्या स्टँटन गावच्या ग्रंडल हाउस या सुमारे १५०० सालच्या शेतघराचा इंग्लंडच्या रानांचे अभ्यासक ऑलिव्हर रॅकम यांनी लाकूड न लाकूड मोजून अभ्यास केला. त्या एका घराला साधारण ३३० झाडं लागली होती आणि त्यांतली बरीच अगदी बारीक, नऊ इंचांच्या आतली होती. म्हणजे अजस्र वृक्षांची कत्तल झाली नव्हती. गावाजवळच्या राखलेल्या रानातून जेवढ्या जाडीचं लाकूड हवं तेवढ्याच जाडीचं झाड निवडून आणायचे आणि चारही बाजूंनी तासायचे. कोपऱ्यावर साल किंवा गोलाई राहिलेली दिसते ती त्यामुळेच.

३. बाहेरून: आधी धुराडं, मग दार

आता घरासमोर या, पण लाकडी नक्षीकडे लगेच वळू नका. रस्त्याच्या पलीकडे जाऊन छपराकडे बघा. विटांचं मोठं धुराडं कुठे आहे? आढ्याच्या मधल्या भागात असेल आणि पुढचं दार बरोबर त्याच्या रेषेत असेल, तर आत शिरल्यावर समोर धुराड्याची पाठ येणार आणि डावी-उजवीकडे दोन खोल्या. याला ‘लॉबी एंट्री’ म्हणतात. सतराव्या शतकातल्या शेतघराची ही अगदी ओळखीची मांडणी. ससेक्समध्ये चिचेस्टरजवळ सिंगलटन इथे वील्ड अँड डाउनलंड हे खुलं संग्रहालय आहे, १९७० साली लोकांसाठी उघडलेलं. तिथलं १६०९ सालचं पेंडीन शेतघर नेमकं असं आहे, धुराडं मधे धरूनच बांधलेलं.

दार एका टोकाकडे सरकलेलं आणि धुराडं भलतीकडेच असेल, तर बहुधा घर आधीचं आणि धुराडं नंतरचं. एवढा अंदाज वहीत लिहून ठेवा, खरं-खोटं माळ्यावर कळेल.

मग छपराचा आकार. केंट आणि ससेक्समध्ये ‘वील्डन’ घर ओळखायला सोपं: दोन्ही टोकांना वरचा मजला पुढे आलेला, मधला भाग मागे, आणि तिन्हींवर एकच सलग छप्पर. मधल्या भागावर छपराची कड अधांतरी राहते, म्हणून तिला खालून वाकड्या लाकडांचे टेकू दिलेले असतात. मधला भाग मागे का? कारण तिथे वरचा मजलाच नव्हता, जमिनीपासून वाशांपर्यंत उघडा दिवाणखाना होता. म्हणजे इथेही बाहेरचा आकार धुराचीच गोष्ट सांगतो. ससेक्समधलं अल्फ्रिस्टन क्लर्जी हाउस हे असंच चौदाव्या शतकातलं घर. नॅशनल ट्रस्टने १८९६ साली दहा पौंडांना घेतलेली ही त्यांची पहिली इमारत.

कातडी फसवते, हे मात्र लक्षात ठेवा. अठराव्या शतकात विटांचं घर प्रतिष्ठेचं झालं, तेव्हा कित्येक लाकडी घरांना पुढून विटांची भिंत चढवली गेली. केंट-ससेक्समध्ये भिंतीवर कौलं टांगली किंवा विटेसारख्या दिसणाऱ्या मॅथेमॅटिकल टाइल्स लावल्या. एसेक्स-सफकमध्ये सगळं चुन्याच्या गिलाव्याखाली गेलं. सिंगलटनलाच वॉल्डरटनहून आणलेलं घर बघा. बाहेरून सतराव्या शतकातलं चकमकीचे दगड आणि विटांचं, आणि आत एका भागात मध्ययुगीन लाकडी सांगाडा अजून उभा. म्हणून विटांच्या घराची बाजूची आणि मागची भिंत बघितल्याशिवाय निघू नका.

उलटंही होतं. हॅरो, पिनर, वेम्बली या लंडनच्या उपनगरांत आपली बरीच मंडळी राहतात. तिथल्या १९२० आणि ३० च्या दशकांतल्या घरांवर काळ्या पट्ट्या असतात, पण त्या विटांच्या भिंतीवर ठोकलेल्या फळ्या असतात. ओळख सोपी आहे. फळी पातळ असते, खुंट्या नसतात, आणि ती पट्टी काढली तर घराला काहीच होत नाही. खऱ्या सांगाड्यात ते लाकूड काढलं तर छप्पर खाली येईल.

आणि काळा-पांढरा रंग? लाकडाला डांबरी काळा रंग देण्याची सरसकट पद्धत मोठ्या प्रमाणावर एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी ओक बहुतेक ठिकाणी उघडाच ठेवला जायचा आणि उन्हापावसाने रुपेरी करडा व्हायचा, किंवा भिंतीसकट लाकडावरूनही चुन्याचा हात फिरायचा.

४. भिंती: चौकट आणि कूड

सांगाडा जमिनीवर उभा नसतो. दगडाचं किंवा विटांचं बुटकं जोतं, त्यावर आडवी तुळई, तिला ‘सिल’ म्हणतात, आणि तिच्यात खांब रोवलेले. सगळ्यांत आधी कुजते ती हीच तुळई, म्हणून जोत्याशी वाकून बघा. ओकाच्या जागी मधेच विटा दिसल्या तर तिथला कुजका तुकडा कधीतरी काढलेला आहे.

चौकटींच्या नक्षीवरून प्रदेश कळतो. उभ्या लाकडांची दाट रांग पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे फार दिसते. ती श्रीमंतीची खूण होती, कारण तिला गरजेपेक्षा कितीतरी जास्त ओक लागायचा. हेरफर्डशर, श्रॉपशर, वूस्टरशरकडे मोठ्या चौकोनी चौकटी दिसतात. आणि पश्चिमेत, मध्य भागात, उत्तरेत ‘क्रक’ भेटतो: एकच वाकडं झाड उभं चिरून केलेल्या दोन फाका, जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत, हात जोडल्यासारख्या. एसेक्स, केंट, सफकमध्ये क्रक जवळजवळ नाहीच. वूस्टरशरमधलं ली कोर्टचं चौदाव्या शतकातलं कोठार ही ब्रिटनमधली सगळ्यांत मोठी क्रक इमारत.

चौकटींच्या मधलं भरण आपल्याला सांगायलाच नको. कोकणात कुडाच्या भिंती पाहिलेल्या माणसाला हे घरचंच वाटतं. ओकाच्या फाडलेल्या उभ्या काठ्या वरच्या लाकडातल्या भोकांत आणि खालच्या लाकडातल्या खाचेत दाबून बसवायच्या, त्यांत हेझल नावाच्या झुडपाच्या ओल्या फांद्या विणायच्या, आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि पेंढ्याचं लिंपण. कोकणात कारवी, इकडे हेझल, एवढाच फरक. भरण जाऊन विटा आल्या असल्या तरी लाकडाच्या खालच्या अंगाला भोकांची रांग राहते. ती सापडली की इथे कूड होता हे पक्कं.

अशाच खुणांवरून जुन्या खिडक्याही सापडतात. शेतघरांत काच सर्रास आली ती सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे आणि नंतर. आधीच्या खिडकीत चौकोनी काठ्या कोपऱ्यावर उभ्या केलेल्या असत, म्हणजे आडवा छेद शंकरपाळ्यासारखा, आणि आतून सरकती फळी. आज भिंत सलग दिसली तरी वरच्या लाकडाच्या खालच्या बाजूला शंकरपाळ्याच्या आकाराच्या खोबणी आणि शेजारून जाणारी लांब खाच दिसली की तिथे बिनकाचेची खिडकी होती.

५. आत: वरचं टोक, खालचं टोक

आतली मांडणी शिकायला बेलीफसारखं घर नाही. हे केंटमधल्या चिडिंगस्टोनचं शेतघर. बो बीच जलाशयाच्या पाण्याखाली जाणार म्हणून १९६० च्या दशकाच्या शेवटी लाकूड न लाकूड सोडवून ते सिंगलटनला आणलं. दिवाणखाना आणि एक टोक पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं, दुसरं टोक सोळाव्याच्या सुरुवातीचं. आतली मांडामांड १५४० च्या सुमाराची केली आहे.

दारातून आत गेलात की तुम्ही आडव्या बोळात उभे असता आणि समोर बरोबर दुसरं दार असतं. एका हाताला शेजारी शेजारी दोन दारं. एक पँट्रीचं, तिथे पाव आणि कोरडं धान्यधुन्य. दुसरं बटरीचं. नावात बटर दिसलं तरी तिथे लोणी नाही, बिअरची पिंपं ठेवत. हे घराचं खालचं टोक. दुसऱ्या हाताला ‘हॉल’, म्हणजे उघडा दिवाणखाना: मातीची जमीन, मधे चूल, दोन्ही बाजूंना उंच बिनकाचेच्या खिडक्या. हॉलच्या पलीकडे वरचं टोक, मालकाची बैठक, आणि तिच्यामागे त्याच्या खाजगी खोल्या.

ही वर-खाल सुतारानेही पाळली आहे. लाकडाची जी बाजू चांगली तासलेली आणि जिच्यावरून खुंटी ठोकली, तिला दर्शनी बाजू म्हणू. बाहेरच्या भिंतींत दर्शनी बाजू सहसा बाहेर असते. घराच्या रुंदीतल्या चौकटींत मात्र ती बहुधा वरच्या टोकाकडे, मालकाच्या बैठकीकडे तोंड करून असते. आज खोल्या पार बदलल्या असतील, तरी आडव्या चौकटीची दर्शनी बाजू शोधली की मालक कुठे बसायचा ते कळतं. मला सगळ्या घरात ही युक्ती सर्वांत आवडते.

६. माळा: काजळी

माळ्यावर परवानगीशिवाय जाऊ नका, आणि पाय फक्त तुळयांवर ठेवा, मधल्या गिलाव्यावर नाही. टॉर्च सरळ न मारता लाकडाला जवळजवळ चिकटवून तिरका धरा. खाचा, आकडे, हत्याराचे घाव सावलीने उठून दिसतात.

दक्षिण-पूर्वेतल्या जुन्या घरात पहिलं आश्चर्य हे की आढंच नसतं. कोकणातल्या घरात आढ्याशिवाय छप्पर कल्पनेत येत नाही, पण इथे वासे जोडीजोडीने थेट एकमेकांत बसवलेले असतात. प्रत्येक जोडीला मधे एक आडवी पट्टी, या पट्ट्यांखालून घराच्या लांबीने जाणारी एक तुळई, आणि तिला पेलणारा, टाय बीमवर उभा असलेला एक खांब. हा खांब म्हणजे क्राउन पोस्ट. बऱ्याच ठिकाणी त्याला कोरीव बैठक आणि माथा असतो, कारण एके काळी तो हॉलमधून सगळ्यांना दिसायचा. आज पाण्याच्या टाकीशेजारी अंधारात उभा असलेला असा कोरीव खांब भेटला की समजा, खालचा हॉल इथपर्यंत उघडा होता.

आता काजळी. धूर फक्त हॉलमध्ये होता, दोन्ही टोकांच्या खोल्या त्यापासून भिंतीने वेगळ्या होत्या. त्यामुळे माळ्यावरून चालत जाताना एका खणात वासे काळे, पुढच्या खणात स्वच्छ, असा बदल अचानक होतो. मधल्या चौकटीवर तर एक बाजू काळी आणि दुसरी लाकडाच्या रंगाची. तो बदल जिथे होतो तिथे रेघ मारा. दोन रेघांच्या मधला भाग म्हणजे हॉल. खण आधीच मोजलेले आहेत, तेव्हा पाच मिनिटांत मूळ घराचा आराखडा वहीत उतरतो. डेव्हनमध्ये तर काही छपरांत पेंढ्याचा सर्वांत आतला, धुराने काळा झालेला मध्ययुगीन थर अजून जागेवर आहे.

धूर गेला कसा? एका फटक्यात नाही. आधी बऱ्याच घरांत हॉलचा एक अरुंद खण धुरासाठी राखून ठेवला आणि बाकीच्या भागावर वरचा मजला टाकला. मग लाकूड-मातीचं धुराडं, मग विटांचं. एसेक्समधल्या रॅडविंटरचा पाद्री विल्यम हॅरिसन याने १५७७ साली लिहून ठेवलंय की गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातीत फार बदललेल्या वाटतात त्या गोष्टींत पहिली म्हणजे धुराड्यांची गर्दी. त्यांच्या लहानपणी खेड्यात दोन-तीनच धुराडी असत. धुराने घराचं लाकूड टणक होतं आणि माणसंही निरोगी राहतात अशी जुन्या लोकांची समजूत होती, हेही तो सांगतो.

धुराडं आलं तसा हॉलमध्ये मजला पडला. नंतर घातलेली तुळई ओळखायची तर तिच्या कडा बघा. कडा तिरक्या तासलेल्या असतात आणि भिंतीजवळ त्या तासणीला छोटा नक्षीदार शेवट दिलेला असतो. ती तुळई जुन्या खिडकीच्या खुणेवरून आडवी गेली असेल तर शंकाच नको. मजल्याच्या कड्या, म्हणजे फळ्या पेलणारी आडवी लाकडं, जाड आणि रुंद बाजूवर आडव्या टाकलेल्या असतील तर मजला जुना, अरुंद आणि कडेवर उभ्या असतील तर पुढचा.

७. आकडे आणि चिन्हं

सांगाडा आधी अंगणात आडवा जुळवून, खुणा करून, पुन्हा सोडवून मग जागेवर उभा करायचे. त्या खुणा रोमन आकड्यांत असतात आणि चार हा आकडा चार उभ्या रेघांचा. सांध्याच्या दोन्ही लाकडांवर तोच आकडा शोधा. क्रम मधेच तुटला किंवा एक आकडा गायब असला तर त्या जागचं लाकूड नंतरचं.

चुलीच्या वरच्या तुळईवर कंपासने काढलेलं सहा पाकळ्यांचं फूल, किंवा थेंबाच्या आकाराचे जळाल्याचे डाग दिसले तर ते अपघाती समजू नका. ज्योत मुद्दाम तिरकी धरून ते डाग पाडत. धुराड्याच्या पोकळीत लपवलेला एखादा जुना, झिजलेला बूटही कधीकधी निघतो. नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयात अशा सापडलेल्या बुटांची नोंदवहीच आहे. घराचं रक्षण हा या सगळ्यामागचा हेतू, असं अभ्यासक मानतात. बूट सापडला तर शक्यतो काढू नका, फोटो काढून कळवा.

८. तारीख सगळ्यांत शेवटी

दारावर कोरलेलं साल हे घराचं जन्मसाल असेलच असं नाही. बरेचदा ते दुरुस्तीचं किंवा लग्नाचं असतं. सांधे, छप्पर आणि मांडणी मिळून फार तर अर्ध्या शतकाचा अंदाज देतात. नेमकं साल हवं तर झाडाची वलयं मोजावी लागतात. तज्ज्ञ पेन्सिलीएवढा नमुना काढून वलयांच्या रुंदीचा क्रम जुळवून बघतो. सालीखालचं शेवटचं वलय टिकलं असेल तर झाड कुठल्या वर्षी, कधीकधी कुठल्या ऋतूत तोडलं तेही कळतं. बाहेरचं पांढरट लाकूड गेलं असेल तर अंदाज बांधावा लागतो, कारण दक्षिण इंग्लंडच्या ओकात त्या भागाची वलयं साधारण ९ ते ४१ असू शकतात. ओक ओलाच वापरायचे, त्यामुळे तोडणी आणि बांधकाम यांत सहसा वर्ष-दोन वर्षांपेक्षा अंतर नसतं.

९. अशा घरात राहत असाल तर

भाड्याने असो की विकत, पहिलं काम म्हणजे घर संरक्षित यादीत आहे का ते बघणं. १७०० सालाआधीची, मूळ रूप बऱ्यापैकी राखून असलेली जवळजवळ सगळीच घरं यादीत येतात, आणि त्यात परवानगीशिवाय बदल करणं हा फौजदारी गुन्हा आहे. खिडकी बदलण्याआधीसुद्धा विचारा. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली सुरू केलेली एसपीएबी (सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज) ही संस्था अशा घरांच्या दुरुस्तीबद्दल उत्तम सल्ला देते.

लाकडाला लांबीच्या दिशेने पडलेल्या भेगांना घाबरू नका, ओक सुकताना त्या पडतातच. उतरती जमीनही बहुधा कित्येक शतकांची जुनी असते. घाबरायचं ते सिमेंटला. चुना आणि माती ओल घेतात आणि सोडतात, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. ओळखीच्या एका कुटुंबाने घेतलेल्या घराला आधीच्या कुणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. वरून भिंत गुळगुळीत, पण काढल्यावर आतली सिलची तुळई मुठीत चुरगळत होती. ओल आली की डेथवॉच बीटल नावाचा भुंगा येतो. त्याची साधारण तीन मिलिमीटरची भोकं दिसतात आणि वसंतात टकटक ऐकू येते. औषध फवारण्याआधी पन्हळ, जोतं आणि गिलावा बघा. लाकूड कोरडं झालं की त्याचं बस्तान आपोआप सुटतं.

आणि एक कळकळीची विनंती. लाकूड ‘साफ’ करायला वाळूचा फवारा मारू देऊ नका. मी एका घराच्या माळ्यावर गेले होते, तिथे आधीच्या मालकाने हे करून घेतलं होतं. वासे नवे असावेत तसे पिवळसर, कडा झिजलेल्या, आकडे गेलेले, कुठला खण काळा आणि कुठला स्वच्छ हे कळायचा मार्गच उरला नव्हता. मी अर्धा तास टॉर्च तिरका धरून फिरले. शेवटी विटांच्या धुराड्यामागे, जिथे यंत्राची नळी पोचली नव्हती, तिथे एका वाशाचा हातभर तुकडा सापडला, जुन्या काजळीने चकचकीत काळा. सध्याच्या मालकीणबाईंना वर बोलावून तो दाखवला. त्यांनी त्याच्या दोन्ही बाजूंना खडूने रेघ मारली आणि खाली गेल्यावर बिल्डरला देण्यासाठी चिठ्ठी लिहिली: या दोन रेघांच्या मधे हात लावू नका.